एक कॅसेट, अनेक सोंगे

एसडी कार्डावरचे खेळ जुन्या यंत्रावर चालवणारी फ्लॅश कॅसेट वस्तू म्हणून पाहिली तर अगदी साधी: एसडी कार्डाची फट, दोन-चार चिपा आणि बहुतेक वेळा एक बटण-सेल. पण काम पाहिले तर ती अस्सल बहुरूपी आहे. १९८९ साली आलेल्या निन्टेन्डोच्या गेम बॉयला एसडी कार्ड म्हणजे काय हे ठाऊक नाही. स्लॉटमध्ये रॉमची चिप बसली आहे, अशी त्याची समजूत, आणि ती शेवटपर्यंत टिकवायची जबाबदारी कॅसेटची. कोणती कॅसेट घ्यावी आणि घेतलेली का चालत नाही, हे दोन्ही प्रश्न अखेर एकाच ठिकाणी येतात: तिला कोणाकोणाचे सोंग घ्यावे लागते?

गेम बॉयच्या प्रोसेसरला कॅसेटमधल्या रॉमचे एका वेळी ३२ किलोबाइटच दिसतात. ‘टेट्रिस’ तेवढ्यात मावला. पुढचे खेळ मावेनात, म्हणून कॅसेटमध्येच एक नियंत्रक चिप बसवली गेली. खेळ सांगेल तसा सोळा किलोबाइटचा हवा तो तुकडा ती प्रोसेसरसमोर धरते. एमबीसी१, एमबीसी३, एमबीसी५ ही अशा काही चिपांची नावे. नवख्याला ती रुक्ष वाटतील. पण थोडी सवय झाली की निम्म्या तक्रारींचा उगम तिथेच सापडतो. चांगल्या फ्लॅश कॅसेटमध्ये एफपीजीए असते, म्हणजे आतली जुळणी हवी तशी बदलता येणारी चिप. खेळ बदलला की ती नियंत्रकाची भूमिकाही बदलते. स्वस्त कॅसेटला एखाददुसरेच सोंग येते. मग काही खेळ सुरळीत चालतात, काही सुरूच होत नाहीत, आणि घेणाऱ्याला वाटते फाइल खराब आहे.

सर्वांत गुंतागुंतीचा आणि माझ्या मते सर्वांत गमतीचा भाग म्हणजे सेव्ह. ‘पोकेमॉन गोल्ड’मध्ये खेळाची प्रगती एसरॅममध्ये, म्हणजे सेलवर तग धरणाऱ्या मेमरीत, राहते आणि त्याच कॅसेटमध्ये दिवसरात्र मोजणारे घड्याळही आहे. दोघांना जगवणारा सेल एकच. तो संपला की घड्याळ थांबते आणि प्रगतीही पुसली जाते. गेम बॉय अॅडव्हान्सवरच्या ‘पोकेमॉन रुबी’त मात्र प्रगती फ्लॅश मेमरीत असते. तिथे सेल संपल्याची सूचना पडद्यावर येते, घड्याळ थांबते, पण सेव्ह शाबूत राहते. अॅडव्हान्सच्या इतर खेळांत कुठे एसरॅम, कुठे ईईप्रॉम. फ्लॅश कॅसेटला हे सगळे निभवावे लागते. सेव्हचा प्रकार चुकीचा ओळखला गेला, तर खेळ उत्तम चालतो आणि जतन काहीच होत नाही. काही कॅसेटमध्ये सेव्ह आधी बॅटरीवरच्या रॅममध्ये थांबते आणि मेन्यूत परतल्यावरच एसडी कार्डावर उतरते. सेल संपलेला असताना खेळणाऱ्याने सरळ बटण बंद केले, तर तासाभराची मेहनत गेली. दोष मात्र कार्डाला दिला जातो.

म्हणून खरेदीआधी आपल्याला काय चालवायचे आहे ते ठरवावे. ‘लिटल साउंड डीजे’ या संगीतरचनेच्या प्रोग्रॅमला १२८ किलोबाइट सेव्ह-रॅम लागते, त्यामुळे गेम बॉयवर वाजवणाऱ्यांची निवड नुसत्या खेळणाऱ्यांपेक्षा वेगळी असते. युक्रेनमधल्या क्रिक्झ या निर्मात्याच्या एव्हरड्राइव्ह आणि चीनच्या ईझी-फ्लॅश या ठळक मालिका, आणि त्यांच्या आसपास नकलांचा सुळसुळाट. नक्कल स्वस्त असते हे खरे. पण जुन्या गेम बॉयचा व्यवहार ५ व्होल्टवर चालतो आणि आजच्या बऱ्याच फ्लॅश चिपा ३.३ व्होल्टच्या असतात. मधले व्होल्टेज जुळवणारे भाग गाळून पैसे वाचवलेली कॅसेट पहिल्या दिवशी चालते, हीच तिची फसवी बाजू.

दुरुस्तीत यंत्र स्वतःच बरेच सांगते. करडा गेम बॉय सुरू होताना कॅसेटमधून निन्टेन्डोच्या बोधचिन्हाचे ४८ बाइट वाचतो, पडद्यावर दाखवतो, स्वतःजवळच्या प्रतीशी ताडतो आणि न जुळल्यास तिथेच थांबतो. बोधचिन्हाच्या जागी काळा ठोकळा दिसला, तर कॅसेटशी संपर्कच झालेला नाही. चिन्ह फाटके दिसले, तर कॅसेटची एखाददुसरी संपर्कपट्टी मळलेली असण्याची शक्यता मोठी. उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर फुंकर मारत एक पिढी वाढली. गुण यायचा तो बहुधा कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. तोंडाच्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. चिन्ह नीट आले आणि मेन्यू अडकला, तर नजर एसडी कार्डाकडे वळवावी: फॉरमॅट फॅट३२ आहे का, छापलेली क्षमता खरी आहे का. खेळता खेळता यंत्र आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर आधी यंत्रातले सेल बदलावेत. फ्लॅश कॅसेट साध्या कॅसेटपेक्षा जास्त वीज ओढते.

निन्टेन्डो डीएसच्या आर४ या फ्लॅश कार्डांची कथा वेगळी आणि काहीशी काळी. मूळ आर४ला २ जीबीपेक्षा मोठे मायक्रोएसडी कार्ड चालत नाही. नंतरच्या काही नकलांच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक तारखेनंतर काम बंद करणारी मेख ठेवलेली होती. यंत्राची तारीख मागे नेली की ही कार्डे पुन्हा चालतात! टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २००९ साली या कार्डांच्या विक्रीवर बंदी घातली. भारतात २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण-कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवते. स्वतःचे संगीत, स्वतः लिहिलेले खेळ किंवा निर्मात्यांनी मोफत दिलेले खेळ चालवणाऱ्याला मात्र या क्षेत्रात शिकायला भरपूर आहे.

इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण किंवा सोल्डरिंगचा हात नसला तरी इथे यावे. नवी कॅसेट आली की आधी ३२ किलोबाइटचा एखादा मोफत खेळ चालवा, मग सेव्ह करणारा, मग घड्याळ वापरणारा. शेवटचा लावून यंत्र रात्रभर बंद ठेवा. सकाळी वेळ पुढे सरकली नसेल, तर सेल तपासण्याआधी मॉडेल पाहा: एव्हरड्राइव्ह जीबीच्या एक्स७मध्ये घड्याळ आहे, एक्स५मध्ये नाही.