इस्रायलमधील मराठी आडनांवें



एखाद्या गांवाच्या नांवास 'कर' लावून झालेलें आडनांव त्याच गांवांत सहसा आढळत नाहीं, ही गोष्ट आपल्या ध्यानांत आली असेल. आमच्या कळमनुरींत कळमनुरीकर म्हणून कोणास हांक मारावयाची? सारेच कळमनुरीचे! परंतु येथील एखादें कुटुंब नांदेडास किंवा परभणीस जाऊन राहिलें, म्हणजे तेथील शेजारी त्यास 'ते कळमनुरीकर' म्हणूं लागतात, आणि एकदोन पिढ्यांत तेंच नांव मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर चढतें. शिक्षकाच्या पेशांत हजेरीपट वाचतां वाचतां मला हा नियम अंगवळणीं पडला होता. वर्गांत कोणी नांदेडकर असला, तर त्याच्या आजानें किंवा पणज्यानें नांदेड सोडलें असलें पाहिजे, असें मी खुशाल धरून चालत असें. अर्थात् हें आडनांव म्हणजे गांव सोडल्याची एक नोंदच असते.

हा 'कर' महाराष्ट्राबाहेर किती दूर गेला आणि तेथें गेल्यावर त्याचें काय झालें, हें आज मला आपणांस सांगावयाचें आहे. तंजावरास गेलेल्या मराठी मंडळींचीं आडनांवें बहुतेक मागें पडलीं व नांवापुढें 'राव' तेवढा राहिला. मॉरिशस बेटांत १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर कराराचे मजूर म्हणून हिंदुस्थानांतून जे लोक गेले, त्यांत कोंकणांतील मराठी माणसेंही होतीं. तेथील दप्तरांत बापाचें व्यक्तिनाम हेंच पुढें मुलाचें आडनांव होऊन बसलें, आणि मूळ गांवाचा धागा तुटला. आज तेथें गणेशचतुर्थी ही सार्वजनिक सुटी आहे, मराठी भाषेचे वर्ग आहेत. परंतु आपला पणजा कोणत्या गांवचा, हें आडनांवावरून सांगतां येणारीं घराणीं विरळा. ज्यांनीं 'कर' टिकवून तो भूमध्यसमुद्राच्या कांठापर्यंत नेला, ते लोक निराळेच. ते कोंकणांतील बेने इस्रायल होत.

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलचीं लेंकरें. कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत, अलिबागेजवळ नवगांव म्हणून समुद्रकांठीं गांव आहे. त्या किनाऱ्यास एक गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी ह्या समाजाची परंपरा सांगते. बुडालेल्यांना मूठमाती दिली ती जागा नवगांवास दाखवितात व तेथें स्मारकस्तंभही उभारला आहे. परंपरा किती जुनी व तिच्यांतील आंकडे कितपत खरे, ह्याचा खल येथें करीत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासांत ह्या लोकांच्या रक्तांत यहुदी व भारतीय असे दोन्ही अंश भरपूर असल्याचें दिसून आलें. म्हणजे कोंकणांत येऊन मिसळलेल्या यहुद्यांचा हा वंश, एवढें तर विज्ञानानेंही मान्य केलें.

हे लोक खेड्यांतून तेलाचे घाणे चालवीत. शब्बाथाच्या दिवशीं, म्हणजे शनिवारीं, घाणा बंद ठेवीत. म्हणून गांवकरी त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू भाषा विसरली होती. शेमा नांवाची प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध आणि कांहीं सण इतकें उरलें होतें. पोशाख मराठी, भाषा मराठी, आणि नांवेंही मराठी वळणाचीं. मूळच्या सॅम्युएलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी, मोझेसचा मुसाजी, इसाकचा इसाजी, आणि बेंजामिनचा बनाजी. सामाजी किंवा बनाजी हीं नांवें एखाद्या मावळ्याचीं म्हणून सांगितलीं असतीं, तर आपणांपैकीं कोणीही संशय घेतला नसता.

आतां आडनांवांकडे वळूं. ज्या गांवांत घाणा, त्या गांवाचें नांव. रोह्याचे ते रोहेकर, पेणचे ते पेणकर, किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, चौलचे चेऊलकर, नवगांवचे नवगांवकर. शिवाय दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर, घोसाळकर, गालसुरकर, वाक्रुळकर. अशीं शंभराहून अधिक आडनांवें ह्या लहानशा समाजांत मोजलीं गेलीं आहेत. नकाशा पुढें घेऊन हीं गांवें एकेक करून खुणावलीं, तर नवगांवापासून उत्तरेस, पूर्वेस आणि दक्षिणेस तेलाचे घाणे कसकसे पसरत गेले, त्याचें चित्रच डोळ्यांपुढें उभें राहतें. ज्या समाजानें स्वतःचा लेखी इतिहास एकोणिसाव्या शतकापूर्वीं ठेवला नाहीं, त्याचा भूगोल त्याच्या आडनांवांनीं राखून ठेवला.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. हीं आडनांवें यहुद्यांचींच, असें मुळींच नाहीं. पेणकर, घोसाळकर किंवा दिवेकर हा हिंदूही असतो. ब्राह्मण असेल, मराठा असेल, सोनार असेल. कोंकणांतला 'कर' हा गांव सांगतो, जात सांगत नाहीं आणि धर्म तर नाहींच नाहीं. गोव्यांत ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्यांस पोर्तुगीज आडनांवें घ्यावीं लागलीं, त्यामुळें फर्नांडिस म्हणतांच धर्म कळतो. कोंकणच्या यहुद्यास असा प्रसंग कधीं आला नाहीं. शेजाऱ्यांनीं त्यास त्याच्या गांवाच्या नांवानें ओळखलें आणि त्यानें तें मानून घेतलें. परक्या धर्माच्या माणसास जगांत अनेक ठिकाणीं दारावर निराळी पाटी लावावी लागली आहे; कोंकणांत ती वेळ आली नाहीं, ही मला लहान गोष्ट वाटत नाहीं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे लोक मुंबईस येऊं लागले. कोणी कंपनीच्या पलटणींत शिरले, कोणी सुतार-गवंडीकामास लागले. पलटणींत वर चढलेल्यांपैकीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी, हे प्रसिद्ध आहेत. टिपूच्या कैदेंतून सुटका झाली म्हणून त्यांनीं मुंबईस मांडवी भागांत १७९६ सालीं आपल्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें, असें सांगतात. लोक प्रार्थनामंदिरास मशीदच म्हणत. आणि जवळच्या रेल्वेस्टेशनास मशीद हें नांव त्यावरूनच मिळालें. सामाजी हसाजी, सॅम्युएल इझिकेल, आणि दिवेकर! एकाच मनुष्याच्या नांवांत खेडें, बायबल व गांव असे तीन थर बसले आहेत.

मुंबईस आल्यावर, आमच्या मघांच्या नियमाप्रमाणें, 'कर' पक्का झाला. शिक्षणाची गोडी लागली. १८४६ सालीं वल्हांडणाचा हग्गादा हा ग्रंथ मराठी भाषांतरासह मुंबईंत छापला गेला. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) ह्यांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणून काम पाहिलें. हाइम सॅम्युएल किहीमकर हे समाजाच्या शाळेच्या संस्थापकांपैकीं. १८७५ सालीं ती सुरू झाली. बेने इस्रायलांचा पहिला मोठा इतिहास त्यांनींच १८९७ च्या सुमारास लिहून ठेवला. परंतु तो छापला गेला १९३७ सालीं, आणि तोही तेल अवीव येथें. ग्रंथ आधीं गेला आणि माणसें मागाहून गेलीं, असा हा योग! ह्याच काळांत एक घराणें सिंधमध्यें पोंचलें. कराची येथील मागेन शालोम हें प्रार्थनामंदिर १८९३ मध्यें उभें राहिलें, त्याच्या संस्थापकांचें आडनांव उमर्डेकर. ती इमारत १९८८ सालीं पाडण्यांत आली.

इंग्रजी कचेऱ्यांत मात्र 'कर' झिजूं लागला. साहेबास सॅम्युएल, मोझेस, इझिकेल हीं नांवें परिचयाचीं, आणि त्यानंतरचें गांवाचें नांव जड. पुष्कळांनीं बापाचें किंवा आज्याचें नांवच आडनांवाच्या जागीं लावलें. इंग्रजींत कविता लिहिणारे निस्सीम इझिकेल (१९२४ ते २००४) ह्यांचें उदाहरण समोर आहे. 'बूट पॉलिश' ह्या १९५४ च्या बोलपटांतील जॉनचाचा आपणां सर्वांना आठवत असेल. तो नट डेव्हिड म्हणून गाजला. त्याचें संपूर्ण नांव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होतें हें किती प्रेक्षकांस ठाऊक होतें? चौलच्या घाण्यापासून निघालेलें हें घराणें; त्यांतील हा गृहस्थ शेवटीं कॅनडांत टोरोंटो येथें वारला. उलट मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. जेरुशा झिराड ह्यांनीं गांवाचें नांव ठेवलें, पण 'कर' गाळला.

१९४८ मध्यें इस्रायल राष्ट्र स्थापन झालें आणि ह्या समाजांतील तरुणांनीं तिकडे वाट धरली. १९५१ च्या भारतीय खानेसुमारींत यहुदी एकंदर सव्वीस हजारांच्या वर होते, आणि त्यांत बेने इस्रायलांचा भरणा मोठा होता. पुढील दोनतीन दशकांत बहुतेक समाज निघून गेला. बीरशेबा, दिमोना, येरुहाम हीं वाळवंटाकडील गांवें, अश्दोद हें बंदर, लोद व रामला हीं मध्यभागांतील शहरें, अशा ठिकाणीं तो वसला. म्हणजे ज्यांच्या नांवांत भातशेती आणि नारळीपोफळीचीं गांवें होतीं, त्यांस घरें मिळालीं तीं पुष्कळदां रेताडांत. पहिलीं वर्षें कष्टाचीं गेलीं. कामांत व वागणुकींत भेदभाव होतो म्हणून कांहींनीं धरणें धरलें, आणि १९५२ मध्यें कांहीं कुटुंबें भारतांत परतलीं.

खरा घाव बसला तो १९६२ सालीं. तेथील मुख्य धर्मपीठानें विवाहनोंदणी करणाऱ्यांना असा आदेश दिला कीं, बेने इस्रायल वर किंवा वधू दुसऱ्या यहुदी समाजांत विवाह करूं इच्छील, तर तिच्या किंवा त्याच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. शंका अशी, कीं शेंकडों वर्षें धर्मपंडितांवांचून राहिलेल्या ह्या लोकांच्या काडीमोडी व लग्नें शास्त्राप्रमाणें झालीं असतील काय? येथें आडनांवाची काय गंमत झाली पहा. रायगड जिल्ह्यांत रोहेकर म्हटलें तर मनुष्य यहुदी कीं हिंदू, हें कळत नाहीं. दिमोन्यांत रोहेकर म्हणतांच तो बेने इस्रायल, हें तत्काळ कळतें. जें नांव कोंकणांत कोणास वेगळें पाडीत नव्हतें, तेंच नांव स्वधर्मीयांच्या देशांत माणसास वेगळें पाडूं लागलें. दोन हजार वर्षें शनिवार पाळल्याचें ज्यांना अभिमानानें सांगतां येत होतें, त्यांच्या मुलीस लग्नाच्या वेळीं आजीपणजीचा दाखला विचारावा, ह्यासारखा अपमान कोणता?

समाज गप्प बसला नाहीं. १९६४ च्या उन्हाळ्यांत जेरुसलेम येथें मोठें धरणें झालें, स्त्रिया व मुलेंही त्यांत बसलीं. प्रकरण तेथील लोकसभेपर्यंत गेलें, आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी होत असा निर्वाळा त्या सभेनें दिला. धर्मपीठासही बेने इस्रायलांचें नांव घेऊन काढलेली आपली आज्ञा सोडावी लागली. ह्या लढ्यांत ज्यांनीं भाग घेतला त्यांनीं आपलें आडनांव लपविलें असतें, तर तें माणुसकीस धरूनच झालें असतें. त्या देशांत नांवें बदलण्याची रीत रूढच होती. पहिले मुख्य प्रधान बेन-गुरिअन ह्यांचें मूळचें आडनांवसुद्धां निराळें, ग्रून असें होतें. बेने इस्रायलांतही कांहींनीं हिब्रू नांवें घेतलीं. पुष्कळांनीं घेतलीं नाहींत. मला ह्या दुसऱ्यांचें कौतुक अधिक वाटतें, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु पहिल्यांस दोष देण्याचा अधिकार सुखानें घरीं बसलेल्या आपणांस नाहीं.

हिब्रू लिपींत जातांना ह्या नांवांचें रूप थोडें पालटलें. त्या लिपींत रोजच्या लेखनांत स्वर बहुधा लिहीत नाहींत, आणि आपला 'ळ' व 'ण' तर तेथें नाहींतच. त्यामुळें घोसाळकराचा घोसालकर आणि पेणकराचा पेनकर होणें अटळ. शिवाय 'कर' ह्या उच्चाराच्या हिब्रू शब्दाचा अर्थ 'थंड' असा आहे! कोंकणच्या दमट उकाड्यांतून निघून नेगेवच्या वाळवंटांत पोंचलेल्या माणसाच्या नांवाशेवटीं थंडी चिकटावी, हा विनोद त्या लोकांनीं आपसांत केला नसेल असें मला वाटत नाहीं.

आज इस्रायलमध्यें ह्या समाजाची लोकसंख्या कांहीं दहा हजारांच्या घरांत मोजावी लागते, आणि भारतांत राहिले आहेत ते थोडे हजार. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया ह्या देशांतही हीं आडनांवें पसरलीं आहेत. इस्रायलांत महाराष्ट्रदिन साजरा होतो, 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक तेथून निघालें, आणि शुभकार्यास एलियाहू हन्नाबीच्या नांवानें मलिद्याचें ताट मांडतात. त्यांत पोहे, खोबरें, गोड आणि फळें असतात. तिसऱ्या पिढीच्या तोंडीं मराठी फारशी राहिलेली नाहीं. पण ताटांतील पोहे आणि नांवांतील 'कर' हीं दोन्हीं टिकून आहेत.

इकडे कोंकणांत अलिबागेस इस्रायल आळी आहे. तेथील प्रार्थनामंदिर १८४८ मधील, पनवेलचें १८४९ मधील, पेणचें १८६३ मधील. इस्रायलांतून कुटुंबें येतात, नवगांवचा स्तंभ पाहतात, आणि मग भाड्याची मोटार करून आपापल्या आडनांवाचें गांव विचारीत निघतात. त्यांना पत्ता विचारावा लागत नाहीं. तो त्यांच्या पारपत्रावर छापलेलाच असतो.