ऊन आणि बर्फ यांच्यामधली वाट

मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत अमेरिकेच्या पश्चिम भागातून जाणारी ‘पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल’ ही दीर्घ पल्ल्याच्या पदभ्रमणमार्गांत मानाची पायवाट समजली जाते. कॅलिफोर्निया, ओरेगॉन व वॉशिंग्टन या तीन राज्यांतून जाणाऱ्या या वाटेची लांबी सुमारे ४,२६५ किलोमीटर आहे. १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय पायवाटेचा दर्जा मिळाला. ती पूर्ण झाली मात्र १९९३ मध्ये. एकाच हंगामात ती पार करू पाहणाऱ्यांपुढे सामान, सराव आणि खर्च यांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. निघायचे कधी?

वाळवंटाचा तगादा

दक्षिणेकडील कॅम्पो या गावाजवळ वाट सुरू होते. तेथून केनेडी मेडोज या ठिकाणापर्यंतचा सुमारे १,१३० किलोमीटरचा टप्पा मुख्यतः कोरड्या, उष्ण मुलखातला आहे. त्यात आन्झा-बोरेगो आणि मोहावी या वाळवंटांच्या कडा येतात. सिझर्स क्रॉसिंग ते बॅरल स्प्रिंग या सुमारे ३८ किलोमीटरच्या वाटेवर भरवशाचा नैसर्गिक पाणवठा नाही. अशा ठिकाणी पाच-सहा लिटर पाणी पाठीवर घ्यावे लागते. जून उजाडला, की सखल भागात पारा ३८ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि पाण्याचे झरे आटू लागतात. म्हणून अनुभवी पदयात्री पहाटे निघतात, दुपार सावलीत काढतात आणि लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या कालव्यालगतचा सपाट भाग अनेकदा रात्री चालून संपवतात.

उन्हापासून बचाव करायचा, तर लवकर निघावे हे उघड आहे. पण हे वाळवंट सलग सपाट नाही. सॅन जॅसिंटोच्या डोंगररांगेत वाट अडीच हजार मीटरच्या वर चढते. तेथे मार्चमध्ये, काही वर्षी एप्रिलमध्येही, उतारावर टणक बर्फ असतो. मार्च २०२० मध्ये याच रांगेत बर्फावरून घसरून एका तरुण पदयात्रीचा मृत्यू झाला. वाळवंटातही बर्फ जीव घेऊ शकतो, हे नवख्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

सिएराची अट

केनेडी मेडोजनंतर सिएरा नेवाडा पर्वत सुरू होतो. येथील ४,००९ मीटर उंचीची फॉरेस्टर खिंड हा या वाटेवरील सर्वोच्च बिंदू होय. सर्वसाधारण वर्षी जूनच्या मध्यापर्यंत येथील बर्फ बराचसा ओसरतो, म्हणून १५ जूनच्या सुमारास सिएरात शिरावे असा संकेत पडला आहे. त्याआधी गेल्यास खिंडी बर्फाने भरलेल्या असतात. ऐन वितळण्याच्या काळात गेल्यास ओढ्यांना लोंढा येतो, आणि तो बर्फाहूनही घातक ठरू शकतो. २०१७ च्या भरपूर हिमवृष्टीच्या वर्षी सिएरात दोन महिला पदयात्री ओढ्यांत बुडाल्या. रात्रीच्या थंडीने बर्फ वितळणे मंदावते आणि पाणी उतरते. त्यामुळे मोठे ओढे सकाळी लवकर ओलांडणे शहाणपणाचे.

तिसरी मर्यादा उत्तरेकडे आहे. वॉशिंग्टनमधील कॅस्केड पर्वतात सप्टेंबर सरता सरता हिमवृष्टीची शक्यता वाढते.

तारखेचे गणित

या तिन्ही मर्यादा एकत्र मांडल्या, की हिशोब स्पष्ट होतो. दिवसाला सरासरी २५ किलोमीटर धरल्यास वाळवंटाच्या टप्प्याला ४५ दिवस लागतात. विश्रांतीचे आठवडाभराचे दिवस मिळवले, तर १५ जूनला सिएराच्या पायथ्याशी पोहोचण्यासाठी एप्रिलच्या अखेरीस निघावे लागते. उरलेले सुमारे ३,१३५ किलोमीटर सप्टेंबरअखेर संपवायचे, तर रोज २९ किलोमीटर चालणे भाग पडते. एप्रिलचा मध्य ते मेचा आरंभ हा काळ उत्तम मानला जातो, तो यामुळेच.

मात्र निसर्ग सरासरीने चालत नाही. १ एप्रिलच्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्फसाठा २०१५ मध्ये सरासरीच्या अवघा ५ टक्के, तर २०२३ मध्ये २३७ टक्के होता. पहिल्या वर्षी मेमध्येच सिएरा मोकळा होता. दुसऱ्या वर्षी जुलैतही खिंडी बर्फाखाली होत्या. अडचण अशी, की मेक्सिकोच्या सीमेवरून दिवसाला फक्त ५० जणांना दीर्घ पल्ल्याचे परवाने मिळतात आणि त्यांचे वाटप हिवाळा संपण्याच्या कितीतरी आधी होते. म्हणजे बर्फ किती पडेल हे कळण्यापूर्वीच तारीख ठरवावी लागते.

म्हणून तारखेइतकीच पर्यायी योजना महत्त्वाची. बर्फ जास्त असल्यास सिएरा तात्पुरता वगळून उत्तरेकडे जावे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परतून तो टप्पा पुरा करावा, हा एक मार्ग. अशा वेळी परवान्याच्या अटी आधी तपासाव्यात. दुसरा मार्ग, जूनअखेर किंवा जुलैच्या प्रारंभी उत्तरेकडून निघून शरद ऋतूत वाळवंटात उतरण्याचा. शेरिल स्ट्रेड या लेखिकेने १९९५ मध्ये जूनच्या उन्हात मोहावीतून वाट धरली. पुढे सिएरातील प्रचंड बर्फामुळे तिला तो टप्पा सोडावा लागला. ‘वाइल्ड’ हे तिचे २०१२ चे पुस्तक याच प्रवासाचे.

भारतीयांना आणखी एक मुदत सांभाळावी लागते. पर्यटक व्हिसावर अमेरिकेत बहुधा सहा महिनेच राहू दिले जाते आणि वाट पुरी करण्यास पाच महिने लागतात. बर्फ वितळण्याची वाट पाहण्यास हाती उरतात ते जेमतेम चार आठवडे. त्यामुळे मार्चमध्ये घाईने जाऊन पोहोचण्यापेक्षा एप्रिलच्या उत्तरार्धात निघणे आणि बर्फाचे ताजे अहवाल पाहून पुढचा निर्णय घेणे अधिक हिताचे.