पंढरीची वाट : चालणे, खेळ आणि माळेचा नेम

भीमेच्या काठी वसलेल्या पंढरपुराला पायी जाण्याची प्रथा संत ज्ञानेश्वरांच्या (1275–1296) आधीपासून चालत आली आहे. विठ्ठल मंदिरातील चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात 1273 ते 1277 या काळातील देणगीदारांची नोंद आहे. तेराव्या शतकात हे क्षेत्र किती नावारूपाला आले होते, हे त्यावरून कळते. चैत्र, आषाढ, कार्तिक आणि माघ अशा वर्षातील चार वाऱ्यांपैकी आषाढीची वारी सर्वांत मोठी. या वारीने सामान्य शेतकऱ्याला आणि कारागिराला दोन गोष्टी एकत्र दिल्या : आनंदाने करायचे शारीरिक श्रम आणि स्वखुशीने पत्करलेला शाकाहार.

आजच्या पालखी सोहळ्याचा पाया तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 च्या सुमारास घातला. देहूहून तुकोबांच्या पादुका निघत, आळंदीत ज्ञानदेवांच्या पादुका सोबत घेतल्या जात आणि पुढची वाट एकत्र चालली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा भागातील आरफळचे हैबतबाबा यांनी ज्ञानदेवांचा सोहळा स्वतंत्र केला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यासाठी घोडे आणि तंबू पुरवले. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, विसावे, भजनाची मांडणी अशी शिस्त या काळात बसली आणि तीच पुढे टिकली.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. रोजचा टप्पा साधारण दहा ते वीस किलोमीटरचा असतो. पुणे ते सासवड हा टप्पा मात्र सुमारे तीस किलोमीटरचा, त्यात दिवे घाटाची चढण, आणि तो बहुधा एकादशीच्या उपवासाच्या दिवशीच येतो. तरीही घाटात टाळांचा आवाज मंदावत नाही. पखवाजाच्या ठेक्यावर पाय पडतात, अभंगाच्या चालीने श्वासाला लय मिळते आणि ठरलेल्या विसाव्यावर सगळे एकदम थांबतात. वीणेकरी, टाळकरी, तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या बाया, सगळ्यांची चाल एकमेकांना धरून असते. एकट्याला जो पल्ला जड जाईल, तो दिंडीत सरतो.

नुसत्या चालण्यावर वारकरी थांबत नाहीत. टाळाच्या ठेक्यावर पुढेमागे पावले टाकत, वाकत, गिरक्या घेत पावली खेळतात. स्त्रिया फुगड्या घालतात आणि पुरुषही त्यात मागे नसतात. हुतूतू आणि हमामा हे गावातले खेळ वाटेवर रंगतात. माउलींच्या, म्हणजे ज्ञानदेवांच्या, सोहळ्यात चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते, तर सदाशिवनगरजवळ आणि वाखरीला गोल रिंगण होते. रिंगणातील अश्वांची दौड संपली की टाळकरी उडीचा खेळ मांडतात. वेळापूरच्या अलीकडे सारे धावत सुटतात. तिथल्या उंचवट्यावरून पंढरीचा कळस दिसताच तुकोबा धावले, अशी आख्यायिका त्यामागे आहे. चढ, चाल, धाव, उडी आणि गिरकी, शरीराला हवे ते सगळे या वाटेवर आहे, पण त्याला व्यायाम असे नाव कुणी दिले नाही. खेळातला आनंद हाच त्याचा हेतू राहिला.

या श्रमांना आहाराची जोड माळेने दिली. तुळशीची माळ घालणारा मांस आणि मद्य सोडतो, महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरतो आणि वारी चुकवत नाही. माळ घालणाऱ्यांत अनेकजण पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार करणाऱ्या घरांतले होते. त्यामुळे हा शाकाहार जातीच्या रिवाजाने आलेला नव्हता, तो ज्याचा त्याने घेतलेला नेम होता. चालण्याचा आणि खाण्याचा नेम एकाच माळेत ओवला गेल्याने एक पाळताना दुसरा आपोआप सांभाळला जाई.

वाटेवरचे जेवण साधे असते : ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, आमटी, ठेचा, कांदा. भाकरीतले धान्य आणि पिठल्यातली हरभऱ्याची डाळ मिळून प्रथिनांची उणीव भरून काढतात. एकादशीला भगर, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिरा असतो. शाकाहारात ब-12 जीवनसत्त्व कमी पडू शकते. ते दूध, दही आणि ताक यांतून मिळते.

साठ किलो वजनाच्या माणसाचे पंधरा किलोमीटर चालण्यात ढोबळमानाने सातशे कॅलरी खर्च होतात. तरीही केवळ तीन आठवड्यांच्या वारीने वजन उतरेलच असे नाही, कारण गावोगावच्या अन्नदानात बुंदी-शिऱ्याचीही पंगत असते. फरक पडतो तो वर्षभराच्या नेमाने. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. शेतात राबणाऱ्या जुन्या वारकऱ्याला तो वेगळा करावा लागत नसे. बैठे काम करणाऱ्या आजच्या माळकऱ्याला रोजच्या चालण्याची सोय मुद्दाम लावावी लागते.

1906 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी पंढरपूरला आली, पुढे मोटारीही आल्या. दर्शनासाठी पायपीट करण्याची गरज तेव्हाच संपली. तरी दिंड्या चालत राहिल्या, कारण लोकांना वाट आणि सोबत दोन्ही हवी होती. इरावती कर्वे यांनी वारीत चालून तिच्यावर लिहिले, दि. बा. मोकाशी यांनी 1964 मध्ये ‘पालखी’ हे पुस्तक दिले. त्यानंतर शहरातल्या नोकरदारांच्या दिंड्या निघू लागल्या आणि सायकलनेही वारी होऊ लागली. साधने बदलली, पण जुन्या रचनेतले तीन धागे तसेच राहिले : पायाला ठेका, चालायला सोबत आणि ताटाला नेम. व्यायाम आवडीचा होऊन वर्षानुवर्षे टिकतो तो या तिन्हींच्या बळावर, हे पंढरीच्या वाटेने शतकानुशतके दाखवून दिले आहे.