नारायणगावची वाईन आठवते का?

शनिवार पेठेत चहाला बसलं आणि वाईनचा विषय निघाला, की सगळे थेट नाशिकला पोचतात. अहो, आपला पुणे जिल्हा विसरलात? १९८०च्या दशकात श्यामराव चौगुलेंनी नारायणगावला फ्रेंच तंत्रानं फेसाळ वाईन काढली, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली. नाव 'ओमर खय्याम'. परदेशात गेली ती. सुलाची पहिली बाटली आली २०००मध्ये!

फ्रेंच म्हणतात, वाईनला गावच्या मातीची चव असते. आपल्याकडे हवेचीही. तिकडे वेल थंडीत झोपते, इकडे झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. फ्रान्समधल्या बागायतदाराला हे सांगून पटणार नाही.

पुढे चौगुले कुटुंबाची इंडेज परदेशी कंपन्या घेत फार पसरली आणि २००८च्या मंदीनंतर कर्जात बुडाली. वाईनचं द्राक्ष बारीक, बियांचं. मार्केट यार्डात कोण घेणार? वायनरी थांबली की बाग तोडायची, दुसरं काय.

२०२२ला सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला, तेव्हा केवढा गदारोळ! आम्ही पत्रकारांनी 'दारू, दारू' एवढंच छापलं. बागेत जाऊन कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.