उज्जयिनीची हातात मावणारी यंत्रे

मकरसंक्रांतीच्या दिवशी महाकालेश्वराचे दर्शन आटोपून प्रस्तुत लेखक उज्जयिनीच्या वेधशाळेत गेला होता. सम्राट यंत्राची छाया पश्चिमेकडील चाप सोडून पूर्वेकडील चापावर उतरण्याच्या बेतात होती. म्हणजे मध्याह्न झाला होता. मनगटावरच्या घड्याळात मात्र 12 वाजून 36 मिनिटे झालेली! दोन साक्षीदारांच्या जबान्यांत एवढे अंतर पडले, तर वकिलाने प्रथम कोणाची उलटतपासणी करावी?

वस्तुतः दोघेही खरेच बोलत होते. आपली प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. उज्जयिनीचा रेखांश 75 अंश 46 कला. त्यामुळे सुमारे 27 मिनिटे गेली. उरलेली 9 मिनिटे सूर्याच्या विषम गतीची, आणि ती दिवसागणिक बदलतात. ज्या नगरीची मध्यरेषा शून्य मानून आपल्या ज्योतिषांनी शतकानुशतके गणित केले, तेथील सूर्यास आता घड्याळाची क्षमा मागावी लागते, एवढेच.

ही वेधशाळा जयपूरच्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारली. चुन्या-दगडाची ही प्रचंड यंत्रे त्याने का बांधली, त्याचे कारण त्याच्याच ‘जिज-इ-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत आढळते. पितळेची यंत्रे लहान पडतात, त्यांचे अक्ष झिजून हलू लागतात, केंद्र सरकते. म्हणून वेधास स्थिर व मोठे साधन पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. तो बिनतोड आहे. परंतु लग्नघरी सम्राट यंत्र कोण उचलून नेणार? पुरोहितास, प्रवाशास, देवळातल्या सेवेकऱ्यास कालज्ञान हवे असते ते उभ्या जागी. खुद्द जयसिंहानेही पितळी यंत्रराजाचा त्याग केला नाही. त्याच्या रचनेवर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

यंत्रराज म्हणजे त्या काळचा हातातला गणकच म्हणावयास हरकत नाही. फिरोजशाह तुघलकाच्या पदरी असलेल्या महेंद्रसूरी ह्या जैन पंडिताने शके 1292 मध्ये, म्हणजे इ. स. 1370 मध्ये, ह्या मूळच्या ग्रीक व पुढे अरबी-फारसी विद्येस संस्कृतात आणिले. विद्येला सोवळे-ओवळे नसते, हे आपल्या ज्योतिषांनी बहुधा इतरांच्या आधी ओळखले असावे. पितळेची तबकडी कडीने अंगठ्यास टांगावयाची, मागच्या फिरत्या पट्टीतून सूर्याचा किंवा ताऱ्याचा उन्नतांश घ्यावयाचा, आणि पुढल्या अंगास भपत्र, म्हणजे ताऱ्यांचे जाळे, तेवढ्या उन्नतांशावर फिरवून आणावयाचे. वेळ कोणती व लग्न कोणते, हे आकडेमोड न करिता समोर दिसते. भपत्राखाली असते ते अक्षपत्र. ते ज्या अक्षांशाचे, त्याच अक्षांशावर चालते.

वाद येतो तो येथे. बारा अंगुलांच्या शंकूची विषुवदिनी मध्याह्नी पडणारी छाया, तीस पलभा म्हणतात. उज्जयिनीची पलभा 5 अंगुले 8 व्यंगुले, पणजीची 3 अंगुले 20 व्यंगुले. ‘ग्रहलाघवा’च्या रीतीने पलभेस 10, 8 आणि दहाच्या तृतीयांशाने गुणिले की चरखंडे येतात: उज्जयिनीची 51, 41, 17, पणजीची 33, 27, 11. बेरजा 109 आणि 71. दिनमान परमावधीस पोचते त्या दिवशी दोन्हीकडच्या चरात 38 पळांचा, म्हणजे पाव तासाचा फरक पडतो. उज्जयिनीसाठी आखलेले यंत्र गोमंतकात तसेच वापरणाऱ्याचा सूर्योदय तेवढा चुकला. लग्नाचा एक नवांश सरासरी सव्वातेरा मिनिटांचा. यजमानाने मुहूर्त धरला एका नवांशाचा आणि अक्षता पडल्या दुसऱ्यावर! पंचांगावरून भांडणारी मंडळी पुष्कळ वेळा सिद्धांतावरून भांडत नसतात. स्थळाचा संस्कार करावयाचे राहून गेलेले असते.

‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञ आपल्या कोकणचे, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे. शके 1442 च्या ह्या ग्रंथात त्यांनी ज्याचापांची कटकट टाकून सामान्य जोश्यास पेलेल असे गणित दिले. त्याच बुद्धीने त्यांनी प्रतोदयंत्रावरही लिहिले. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यासारखी एक काठी. तिच्या प्रत्येक बाजूवर एकेका दिनमानाच्या खुणा. वरच्या भोकात आडवी खुंटी. दोरीने काठी टांगून खुंटी सूर्याकडे केली की छाया खाली उतरते व घटिका सांगते. यंत्रराजास निष्णात कारागीर लागे. ह्यास गावचा सुतार पुरे. माझ्या मते दोहोंत हेच थोर. छाया नसेल तेव्हा घटिकापात्र होतेच: भोकाचे तांब्याचे भांडे, 24 मिनिटांत बुडणारे, अहोरात्रात साठ वेळा.

पुढे माळवा मराठ्यांकडे आला. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर, हे आपल्याच सारस्वत समाजातले, यांनी महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. वेधशाळेस मात्र दीर्घकाळ थांबावे लागले. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करविली आणि ती गोविंद सदाशिव आपटे यांच्या हाती आली. ‘सर्वानंदकरण’ लिहिणारा हा मराठी गणिती यंत्रांची नुसती राखण करीत बसला नाही. 1942 पासून वेधशाळेचे वार्षिक ग्रहपंचांग निघू लागले. त्याआधी 1937 मध्ये आपट्यांनी जयसिंहाच्या यंत्रांशेजारी एका नव्या यंत्राची भर घातली होती. शंकुयंत्र त्याचे नाव. गोल ओटा, त्यावर छायेच्या मार्गाच्या सात रेषा, आणि मधोमध रोविलेली एक खुंटी.