झाकणावर पाय टेकेपर्यंत

गटाराच्या झाकणावरून जरा बाजूला व्हा. पोरांचा बेस आहे तो.

१९४७ चा वसंत. न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. झाडूचा दांडा ही बॅट, चेंडू गुलाबी रबराचा, आणि मैदान म्हणजे ही गल्ली. फटका बसला की दांडा तिथेच टाकायचा आणि धूम ठोकायची. आत्ता जी पळतेय ना, ती शर्ली टेंपल वाँग. हे नाव तिनं चीनमधून निघताना सिनेमातल्या बालतारकेवरून घेतलं. इंग्रजी अजून धड येत नाही. पळताना तिचे पंजे आत वळतात, थेट बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनसारखे. पोरांच्या ते लगेच लक्षात येतं.

शर्ली कादंबरीतली आहे. ‘इन द इयर ऑफ द बोअर अँड जॅकी रॉबिन्सन’, लेखिका बेट्टी बाओ लॉर्ड, साल १९८४. चिनी पंचांगात १९४७ हे वराहाचं वर्ष, म्हणून हे नाव. पण शर्लीच्या जागी एकदा लेखिकेलाच पाहा. शांघायमध्ये जन्मलेली बेट्टी १९४६ साली अमेरिकेत आली आणि याच ब्रुकलिनमध्ये इंग्रजी शिकली. धाकटी बहीण सानसान तान्ही होती, ती मागे राहिली. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न होता! १९४९ साली चीनमध्ये सत्ता पालटेल आणि परतीची वाट बंद होईल. सानसान भेटेल ती १९६२ साली. तुम्हाला हे ठाऊक आहे. १९४७ मधल्या त्या मुलीला नाही.

आता एबेट्स फील्डला चला. १५ एप्रिल, मंगळवार. स्टेडियम डोळे भरून पाहून घ्या, १९६० साली ते पाडणार आहेत. पहिल्या बेसवर उभा आहे तो ४२ नंबरचा खेळाडू, जॅकी रॉबिन्सन. कृष्णवर्णीयांना वर्षानुवर्षं दार बंद ठेवलेल्या मेजर लीगमधला त्याचा हा पहिला सामना. आज त्याला एकही हिट मिळणार नाही. सातव्या डावात तो चेंडू नुसता हलकेच ढकलतो आणि सुसाट निघतो. त्याला बाद करायला आलेली फेक त्याच्याच अंगावर आदळून भलतीकडे जाते, तो दुसऱ्या बेसवर पोचतो. मग पीट रायझरचा खणखणीत फटका, आणि रॉबिन्सन वळसा घेऊन जिथून निघाला होता तिथे परत. ब्रुकलिन डॉजर्स ५, बॉस्टन ब्रेव्ह्ज ३.

या खेळात जिथून निघायचं, तिथेच पोचायचं असतं, आणि त्या जागेला म्हणतात ‘होम’. सानसानची ताई पुढे मुलांसाठी लिहायला बसली, तेव्हा तिनं नेमका हा खेळ निवडला. हे पुस्तक मला जवळचं वाटतं ते त्यामुळे.

गल्लीत परत या. रेडिओवर समालोचक रेड बार्बरचा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल ऐकू येतोय. शर्ली तिसऱ्या बेसवर आहे, नजर झाकणावर.

दांडा चेंडूला लागला. ती निघाली.