अवघड शब्द आणि इंग्लंडातल्या बायका

इंग्रजी शब्दांचा बाऊ आपण बायका फार करतो. कोर्टाचा कागद आला, बँकेचं पत्र आलं, की ते आधी घरातल्या पुरुषाच्या हाती जातं. पण हेच जडजंबाल शब्द एके काळी खुद्द इंग्लंडातल्या बायकांनाही परके होते, हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

इंग्रजी मूळची जर्मन कुळातली. घर, पाणी, भाकर, आई यांसाठीचे तिचे शब्द घरचेच आहेत. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून राजा झाला आणि दरबारात फ्रेंच शिरली. फ्रेंच म्हणजे लॅटिनची लेक. मग वाटणी अशी झाली: धर्म आणि विद्या लॅटिनकडे, राजदरबार फ्रेंचकडे आणि चूल इंग्रजीकडे. लोकांना फ्रेंच कळत नाही म्हणून १३६२ साली कायदा झाला, की खटले इंग्रजीत चालवावेत. गंमत बघा, तो कायदाच लिहिला होता फ्रेंचमध्ये, आणि खटल्यांची नोंद ठेवायची होती लॅटिनमध्ये!

सोळाव्या शतकात पंडितांनी लॅटिन ग्रंथांतून शब्द थेट उचलायला सुरुवात केली. काही जण चिडले. या शब्दांना त्यांनी ‘दौतीतले शब्द’ म्हणून नावं ठेवली. तरी शब्द येतच राहिले.

आता अडचण कुठे आली? ग्रामर स्कूल म्हणजे लॅटिनचं व्याकरण शिकवणारी शाळा, आणि ती मुलग्यांची. एखाद्या मोठ्या घरची लेक घरी लॅटिन शिके, पण बाकीच्या बायकांनी काय करावं? १६०४ साली रॉबर्ट कॉड्री नावाच्या शिक्षकाने ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ नावाचं छोटं पुस्तक काढलं. सुमारे २,५०० अवघड शब्द आणि त्यांचे सोपे इंग्रजी अर्थ. इंग्रजीचा इंग्रजीतच अर्थ सांगणारा हा पहिला छापील कोश मानतात. तो कोणासाठी, हे मुखपृष्ठावरच छापलं होतं: स्त्रिया आणि इतर अशिक्षित माणसं यांच्यासाठी. आपल्याला अशिक्षितांच्या रांगेत बसवलं म्हणून राग येतो खरा. पण शाळेचं दार बंद असताना ही खिडकी उघडली, हेही तितकंच खरं.

आपल्याला हे नवं नाही. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि राणी बहुधा प्राकृत. म्हणूनच भगवान महावीरांनी अर्धमागधीत उपदेश केला, तो बायामाणसांना, सगळ्यांना कळावा म्हणून, ही आपल्या परंपरेतली गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लॅटिनचं एक बरं आहे. मूळ हाती लागलं की शब्दांचा सगळा वेल हाती येतो. ‘स्क्राइब’ म्हणजे लिहिणं. त्यातून प्रिस्क्रिप्शन, मॅन्युस्क्रिप्ट, सबस्क्रिप्शन. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं. त्यातून पोर्टर, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. ‘ऑडि’ म्हणजे ऐकणं. पूर्वी हिशेब मोठ्याने वाचत आणि ऐकून तपासत, म्हणून तपासणारा ऑडिटर.

शब्दांच्या पोटात जुना न्याय-अन्यायही दडलेला असतो. ‘पेटर’ म्हणजे पिता, ‘मेटर’ म्हणजे माता. दोन्हींना शेपूट एकच लागलं. पण पॅट्रिमनी म्हणजे बापाकडून आलेली मालमत्ता, आणि मॅट्रिमनी म्हणजे लग्न! बापाच्या नावाने जमीनजुमला, आईच्या नावाने संसार. अॅलिमनी मात्र ‘पोसणं’ या अर्थाच्या शब्दातून आली. आपली ‘पोटगी’ही पोटावरूनच.

ऑक्सफर्डने बायकांना पदव्या दिल्या १९२० साली, केंब्रिजने तर १९४८ साली. म्हणजे कॉड्रीच्या त्या पुस्तकानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. आज कोश आपल्या हातातल्या फोनमध्ये आहे. तेव्हा कागद आला तर दुसऱ्याच्या हाती देण्याआधी तो स्वतः वाचावा, अडलेल्या शब्दाचं मूळ शोधावं. सही आपली असेल, तर अर्थही आपल्यालाच कळायला हवा.